रिकामी बंदूक

एन.सी.सी.त दाखल झालो त्या वर्षीची गोष्ट. पॉइंट टू टू रायफल आमच्या हातात प्रथमच आली होती. आमच्यातल्या एका उत्साही कॅडेटने ती गमतीने शेजारच्या मित्राकडे रोखली. हवालदारसाहेब लांब ढांगा टाकीत आले, रायफल त्याच्या हातातून काढून घेतली आणि शांतपणे विचारले, "ही रिकामी आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"साहेब, अजून गोळ्या वाटल्याच नाहीत."

"ते मी विचारलं नाही. तू स्वतः उघडून पाहिलीस का?"

त्याने पाहिले नव्हते. त्याला मैदानाच्या पाच फेऱ्या माराव्या लागल्या. आम्हां सर्वांना बोल्ट मागे ओढून नळीचे मागचे तोंड डोळ्यांनी पाहण्याची आणि बोटाने चाचपण्याची सवय पुढचे चार रविवार लावण्यात आली. त्या वेळी ही शिक्षा आम्हांला अतिरेकी वाटली होती. पुढे संख्याशास्त्र शिकवताना अपघाती मृत्यूंची आकडेवारी पाहण्याचा प्रसंग आला, तेव्हा हवालदारसाहेबांच्या त्या एका प्रश्नात किती अर्थ भरला होता हे ध्यानात आले. बंदुकीच्या अपघातानंतर जगभर एकच वाक्य ऐकू येते: "मला वाटलं, ती रिकामी आहे."

या विषयाचा अभ्यास करायचा तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे वळावे लागते. खाजगी मालकीच्या इतक्या बंदुका दुसऱ्या कोणत्याही देशात नाहीत. २०१७ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार तेथे नागरिकांजवळ सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका अधिक. शिवाय प्रत्येक मृत्यूचे कारण लिहून ठेवण्याची त्या देशाची पद्धत जुनी असल्यामुळे जवळजवळ एका शतकाचे आकडे आपल्याला मिळतात.

आकडे काय सांगतात?

१९३० च्या सुमारास अमेरिकेत बंदुकीच्या अपघाताने वर्षाकाठी तीन हजारांच्या आसपास माणसे मरत. लोकसंख्या तेव्हा सव्वाबारा कोटी होती. १९६७ साली हा आकडा २,८९६ होता. १९८१ साली तो १,८७१ वर आला, २००० साली ७७६ वर आणि २०२२ साली ४६३ वर. दरम्यान लोकसंख्या तेहेतीस कोटींच्या वर गेलेली. म्हणून नुसत्या संख्या न पाहता दर दहा लाख लोकांमागे प्रमाण काढू. १९३० साली ते सुमारे पंचवीस येते, १९६७ साली पंधरा, १९८१ साली आठ, २००० साली तीनपेक्षा थोडे कमी आणि २०२२ साली जेमतेम दीड. पंचावन्न वर्षांत प्रमाण एक दशांशावर आले.

बंदुका वाढल्या आणि अपघात घटले, हे कोडे आहे खरे. अमेरिकेतील बंदुकीचे पुरस्कर्ते ही उतरती रेषा दाखवून म्हणतात, "पाहा, बंदूक सुरक्षित झाली." विरोधक म्हणतात, "एका श्रीमंत देशात वर्षाला साडेचारशे माणसे चुकून मरतात, हीच लाजिरवाणी गोष्ट आहे." आपल्याला त्या भांडणात पडायचे कारण नाही. मात्र रेषा का उतरली आणि ती आपल्याला काय सांगत नाही, हे दोन प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारलेच पाहिजेत.

मोजणीतली गोम

प्रथम मोजणीकडे पाहू. १९६७ साली २,८९६ असलेला आकडा १९६८ साली एकदम २,३९४ झाला. एका वर्षात पाचशे लोकांनी सावधगिरी शिकली की काय? तसे नव्हे. मृत्यूच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची आठवी आवृत्ती त्या वर्षी लागू झाली. अपघात की हेतुपुरस्सर कृत्य हे ठरवता येत नाही, अशा मृत्यूंसाठी तीत स्वतंत्र रकाना आला. पूर्वी संशयाचा फायदा घेऊन 'अपघात' या सदरात पडणारे बरेच मृत्यू तेथे गेले. म्हणजे त्या वर्षीच्या घटीतला मोठा वाटा कागदावरचा होता.

याच्या उलटही घडते. एका मुलाच्या हातून खेळता खेळता दुसरे मूल मेले, तर आपण त्याला अपघातच म्हणू. परंतु अमेरिकेतील अनेक ठिकाणचे शवचिकित्सक 'दुसऱ्याच्या हातून मृत्यू' या व्याख्येला धरून त्याची नोंद 'मनुष्यवध' अशी करतात. न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी २०१३ साली काही राज्यांतील नोंदी तपासल्या, तेव्हा मुलांच्या अशा अपघाती मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू सरकारी तक्त्यात अपघात म्हणून आलेलेच नव्हते. तेव्हा ४६३ हा आकडाही शिलालेख मानू नये. तरीसुद्धा एवढ्या मोठ्या उताराचा उलगडा केवळ रकान्यांच्या अदलाबदलीने होत नाही. उतार खरा आहे. त्याची कारणे शोधली पाहिजेत.

रानातून शेजघरात

पहिले कारण असे, की बंदुकीजवळ राहणाऱ्या माणसांचे प्रमाणच कमी झाले. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जवळजवळ निम्म्या घरांत बंदूक असे. अलीकडच्या पाहण्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आढळते. बंदुका वाढल्या, पण बव्हंशी ज्यांच्याजवळ आधीच होत्या त्यांच्याच कपाटात. एकाच घरातल्या दहाव्या बंदुकीने धोका दहापट होत नाही, कारण हात तेवढेच राहतात.

दुसरे कारण शिकारीचे. पूर्वीचे कितीतरी अपघात रानात होत. कुंपण ओलांडताना बार उडे, झुडपामागे हललेला सोबती हरीण वाटे. शहरे वाढली तशी शिकार मागे पडली. जी उरली तिला शिस्त लागली. न्यूयॉर्क राज्याने १९४९ साली तरुण शिकाऱ्यांना परवान्यापूर्वी शिक्षण सक्तीचे केले आणि पुढे इतर राज्यांनीही तेच केले. बंदुका व काडतुसे यांवरील कराचा पैसा १९३७ च्या कायद्याने वन्यप्राण्यांच्या संवर्धनाकडे जात असे. १९७० पासून त्यातला काही भाग शिकाऱ्यांच्या शिक्षणालाही मिळू लागला. याखेरीज एक अगदी साधा उपाय झाला. शिकाऱ्याने झगझगीत नारिंगी रंगाचे जाकीट घालावे, असा नियम राज्याराज्यांतून आला. हरणाला तो रंग माणसासारखा ओळखता येत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला तो लांबून दिसतो. कोणाचाही स्वभाव न बदलता एका रंगाने माणसे वाचली.

तिसरे कारण वैद्यकाचे. जखमी माणसाला इस्पितळात लौकर पोचवणारी रुग्णवाहिका, रक्ताची सोय, आघातावरील शस्त्रक्रियेतील प्रगती यांमुळे पूर्वी जो मेला असता तो आता जखमी म्हणून वाचतो. म्हणजे मृत्यू ज्या वेगाने घटले त्याच वेगाने गोळी चुकून सुटण्याचे प्रसंग घटले असे समजणे बरोबर नाही.

पण एक गोष्ट उलट्या दिशेने गेली. बंदूक बाळगण्याचा हेतू बदलला. १९९९ सालच्या एका पाहणीत मालकांना मुख्य कारण विचारले, तेव्हा ४९ टक्के लोकांनी शिकार सांगितली आणि २६ टक्के लोकांनी स्वसंरक्षण. २०१३ साली शिकार ३२ टक्क्यांवर उतरली व स्वसंरक्षण ४८ टक्क्यांवर चढले. शिकारीची लांब बंदूक हंगाम संपला की रिकामी करून कपाटात जाते. चोराच्या भीतीने घेतलेले पिस्तूल भरलेले, उशाशी, हाताला लागेल असे ठेवले जाते. अपघाताची जागा रानातून शेजघरात आली ती अशी.

दोष यंत्राचा की माणसाचा?

अपघात झाला की आपण म्हणतो, "निष्काळजीपणा, दुसरे काय!" पण यंत्राकडेही पाहावे. १८७३ च्या कोल्ट धर्तीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असला की तो थेट काडतुसाच्या मागे टेकलेला असे. पिस्तूल जमिनीवर पडले आणि घोड्याला धक्का बसला की बार उडे. म्हणून जाणते लोक सहा घरांपैकी पाचच भरीत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. रुगर या कारखान्याने १९७३ साली आपल्या अशा रिव्हॉल्व्हरमध्ये एक लहानशी पोलादी पट्टी बसवली. चाप पुरता ओढल्याशिवाय ती पट्टी वर येत नाही आणि पट्टी वर आल्याशिवाय घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोचत नाही. जे काम आधी माणसाच्या आठवणीवर सोपवले होते ते पट्टीने उचलले.

आजच्या पिस्तुलात निराळा सापळा आहे. गोळ्यांची मॅगझीन दांड्यात बसते. ती काढली की पिस्तूल रिकामे झाले असे अजाण माणसाला वाटते. पण नळीच्या मागच्या घरात, म्हणजे चेंबरमध्ये, एक गोळी आधीच चढलेली असू शकते. मॅगझीन टेबलावर, पिस्तूल हातात आणि चाप ओढला की बार! आत गोळी आहे हे बाहेरून दाखवणारी खूण पिस्तुलावर बसवता येते. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९१ साली अंदाज केला, की अशी खूण आणि लहान मुलाला न उघडणारा खटका एवढ्या दोनच गोष्टी असत्या, तर अपघाती मृत्यूंपैकी ३१ टक्के टळले असते. परंतु ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी १९७२ साली तेथे जो आयोग स्थापन झाला, त्याच्या कक्षेतून बंदुका व काडतुसे वगळलेली आहेत. खेळण्यातली बंदूक कशी असावी हे तो सांगू शकतो, खरी कशी असावी हे सांगू शकत नाही.

मुलांना शिकवले म्हणजे झाले?

"मुलांना नीट समजावून सांगितले की ती हात लावणार नाहीत," असे पालकांना मनापासून वाटते. १९८८ पासून तेथे शाळांतून 'थांबा, हात लावू नका, तेथून निघा, मोठ्यांना सांगा' हा पाठ चित्रांनिशी शिकवला जात आहे. पाठ चांगलाच आहे. प्रश्न एवढाच, की मोठे माणूस जवळ नसताना तो टिकतो का?

अटलांटा शहरातील डॉक्टरांनी याची परीक्षा घेतली. ती २००१ साली प्रसिद्ध झाली. आठ ते बारा वर्षांची ६४ मुले, दोघातिघांचे एकेक करून २९ गट. त्यांना एका खोलीत बसवले. खोलीतल्या खणांत पाण्याच्या पिचकाऱ्या होत्या आणि एका खणात खरे, पण निकामी केलेले पिस्तूल होते. पलीकडून दिसणाऱ्या काचेआड संशोधक उभे होते. २९ पैकी २१ गटांना पिस्तूल सापडले. १६ गटांनी ते हाताळले. १० गटांत कोणा ना कोणा मुलाने चाप ओढला. आणि हाताळणाऱ्या वा चाप ओढणाऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितले, की बंदुकीबाबत काळजी कशी घ्यावी हे आपल्याला आधी शिकवलेले होते!

ही मुले वाईट नव्हती. ती मुले होती. आपल्याकडे काडेपेटी उंच फळीवर ठेवतात ती मुलगा उनाड आहे म्हणून नव्हे, तो मूल आहे म्हणून.

अमेरिकन आरोग्य खात्याने २००३ ते २०२१ या काळातील मुलांच्या सुमारे १,२६० अपघाती मृत्यूंचे विश्लेषण केले आहे. त्यांपैकी ८५ टक्के मृत्यू राहत्या घरांत घडले. ज्या प्रसंगांत बंदूक कशी ठेवली होती हे कळले, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश प्रसंगांत ती भरलेली होती आणि जवळजवळ तितक्याच प्रसंगांत कुलुपाबाहेर होती. ती सापडण्याची सर्वांत नेहमीची जागा म्हणजे पलंग व उशाजवळचे मेज. बहुतेक वेळा मुले खेळत होती किंवा ती एकमेकांना दाखवत होती.

कुलपाची गोष्ट

म्हणून विचारी लोकांनी आपला मोर्चा मुलांकडून मोठ्यांकडे वळवला. १९८९ साली फ्लॉरिडा राज्याने कायदा केला, की भरलेली बंदूक मुलाच्या हाती लागेल अशी ठेवली आणि त्यातून अनर्थ झाला तर मालकावर गंभीर गुन्हा दाखल होईल. असा कायदा करणारे ते पहिले राज्य. पुढे इतर राज्ये आली. बारा राज्यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. कायदा आल्यानंतर पंधरा वर्षांखालील मुलांचे अपघाती मृत्यू अपेक्षेपेक्षा २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात आढळले. नंतरच्या एका अभ्यासाने दाखवले, की हा परिणाम मुख्यतः फ्लॉरिडात, म्हणजे शिक्षा कडक होती तेथे दिसतो. कागदावरचा सौम्य कायदा कोणाच्या उशाखालचे पिस्तूल हलवत नाही, असा याचा अर्थ.

२००५ साली आणखी एक अभ्यास झाला. ज्या घरांतील बंदुकीने मूल जखमी झाले किंवा मेले, ती घरे आणि ज्या घरांत असे काही घडले नाही, ती घरे यांची तुलना करण्यात आली. चार सवयींचा फरक दिसून आला: बंदूक रिकामी ठेवणे, ती कुलपात ठेवणे, काडतुसे कुलपात ठेवणे आणि काडतुसे बंदुकीपासून वेगळी ठेवणे. या चारांपैकी प्रत्येक सवय स्वतंत्रपणेही उपयोगी ठरली. यात विज्ञानाचे काही गूढ नाही. प्रत्येक सवय म्हणजे गोळी आणि माणूस यांच्यामध्ये घातलेला एकेक अडसर. एक विसरला तरी दुसरा उभा असतो.

नेमबाजीच्या शाळांत शिकवले जाणारे चार नियमही याच तत्त्वावर रचलेले आहेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे माना. जे नष्ट करायचे नाही त्याच्याकडे नळी रोखू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नका. लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा. यांतला एक नियम मोडला तरी दुसरा सहसा जीव वाचवतो. बंदूक रिकामी समजून कोणी चाप ओढला, पण नळी जमिनीकडे असली, तर भोक जमिनीला पडते. अनर्थ होण्यासाठी दोनतीन नियम एकाच क्षणी मोडावे लागतात.

उतरती रेषा काय सांगत नाही?

आता दुसरा प्रश्न. अपघात घटले म्हणून बंदुकीचे मृत्यू घटले का? नाही. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. तोवरच्या नोंदींतील ही सर्वांत मोठी संख्या. त्यांत अपघाती मृत्यू ५४९, म्हणजे शंभरात एखादाच. सुमारे २१ हजार खून होते आणि २६ हजारांहून अधिक आत्महत्या. अपघाताची रेषादेखील सतत उतरलेली नाही. २०१८ साली ४५८ असलेला आकडा महामारीच्या काळात बंदुकांची विक्रमी खरेदी झाली तेव्हा वर चढला आणि मग पुन्हा खाली आला.

तक्त्यात अपघात आणि आत्महत्या हे दोन निराळे रकाने आहेत. पण घरात त्या दोन्हींची वाट एकाच उघड्या खणातून जाते. निराशेची लाट बहुधा ओसरते, आणि ती ओसरेपर्यंत वेळ मिळाला तर माणूस वाचतो. त्यानंतर त्याला कोणाशी तरी बोलता येते, उपचार घेता येतात. बंदूक हा वेळ देत नाही. पोराच्या कुतूहलासाठी लावलेले कुलूप थोरल्या भावाच्या काळ्या रात्रीही उपयोगी पडते. म्हणून तेथील डॉक्टर आता केवळ अपघाताचा विचार करून थांबत नाहीत.

आपल्यापुरते

वाचक म्हणतील, अमेरिकेची ही उठाठेव बेळगावच्या महाविद्यालयात कशाला? आपल्या देशात बंदुकीला परवाना लागतो आणि बहुतेक घरांत ती नाही, हे आपले भाग्य. तरी ती अगदीच अपरिचित नाही. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक बाळगण्याचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या विद्यार्थ्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. आपल्याच राज्यातील कोडगू लोक सणाला बंदुकीची पूजा करतात, तशी आपण खंडेनवमीला शस्त्रांची करतो. २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचे शिक्षण आवश्यक केले. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नवरातीत हौसेने बार उडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. जी शस्त्रे आपण पूजतो, ती कोठे व कशी ठेवली आहेत हेही त्याच दिवशी पाहून घ्यावे.

पण मला सांगायचे आहे ते केवळ बंदुकीपुरते नाही. अपघात झाला की आपण म्हणतो, "होणारे चुकत नाही." अमेरिकेचे हे शतकभराचे आकडे सांगतात, की होणारे पुष्कळ वेळा चुकते. ते नारिंगी जाकिटाने चुकले, पोलादी पट्टीने चुकले, चार आण्यांच्या किल्लीने चुकले. 'सावध राहा' एवढे सांगून ते फारसे चुकले नाही. माणूस विसरणार हे गृहीत धरून ज्यांनी व्यवस्था रचली, त्यांनी जीव वाचवले. शेतातली उघडी विहीर, गोठ्यात हाताशी ठेवलेली कीटकनाशकाची बाटली, प्रयोगशाळेतली चिठ्ठी नसलेली आम्लाची बरणी, या सगळ्यांना तोच न्याय लागू पडतो.

आमचे हवालदारसाहेब कधीच निवृत्त झाले. संख्याशास्त्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण आमच्या शब्दावर, आठवणीवर वा चांगुलपणावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. रायफल उघडून, बोट घालून दाखवली तरच ती रिकामी. त्या पाच फेऱ्या मारणारा मित्र आज दोन मुलांचा बाप आहे. मी त्याला या लेखाविषयी सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "फेऱ्या विसरलो रे, पण तो प्रश्न नाही विसरलो."